घरातलं छोटं सीएनसी: सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीतल्या आमच्या घरात बंद केलेल्या गॅलरीत चार वर्षांपासून माझं छोटं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणारं कोरीव कामाचं मशीन, चालू आहे. नावपाट्या, साचे, भाचीच्या शाळेचे प्रकल्प अशी कामं मी त्यावर करते. मशीन बघायला येणारे बहुतेक तेच प्रश्न विचारतात. त्यांना देते तीच उत्तरं इथे लिहिली आहेत.

सीएनसी म्हणजे थ्रीडी प्रिंटरच ना?

नाही. प्रिंटर माल थरावर थर चढवत जातो, सीएनसी असलेला माल कोरून काढतं. तीन मोटरींमुळे तीन हालचाली होतात: एक्स म्हणजे डावी-उजवी, वाय म्हणजे पुढे-मागे आणि झेड म्हणजे वर-खाली. स्पिंडल म्हणजे फिरणारी मोटर, तिच्यात बीट म्हणजे कापणारं पातं फिरत असतं. लहान मशीनवर वायच्या दिशेला बहुधा बेड, म्हणजे माल ठेवायचा तळच सरकतो, त्यामुळे मशीनच्या पुढे आणि मागे मोकळी जागा ठेवावी लागते. घरी मांडणी करताना हे हमखास विसरलं जातं.

आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठाने दाखवलं. त्याला सूचना भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून मिळत. घरच्या मशीनची गोष्ट बरीच अलीकडची आहे. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी जीआरबीएल नावाचं मोफत फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आत बसून मोटरी चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. ते आर्डुइनो उनो या साध्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालतं. पुढे सॉनी जॉन यांनी ते वाढवलं आणि सांभाळलं. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक स्वस्त मशीनच्या पोटात हेच फर्मवेअर किंवा त्याचं एखादं भावंड असतं. मशीन आपल्या आवाक्यात आलं, त्याचं मोठं श्रेय या फुकट वाटलेल्या कामाला जातं.

बजेट कमी आहे. कोणतं मशीन घेऊ?

३०१८ नावाचं मशीन घ्या. नावातच माप आहे: ३०० बाय १८० मिलिमीटरचा बेड आणि झेडला साधारण ४५ मिलिमीटर चाल. किमती सतत बदलतात, पण पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात संच मिळतो. घेताना तीन गोष्टी बघा: सांगाडा प्लास्टिकचा की अ‍ॅल्युमिनिअमचा, लिमिट स्विच (चालीच्या टोकाला मशीनला थांबवणारे) आहेत का आणि लाल रंगाचं इमर्जन्सी बटण आहे का. शेवटचं नसेल तर मशीन घेऊच नका.

सगळे पैसे मशीनवर घालू नका. पाच रुपये असतील तर तीन मशीनवर आणि दोन बीट, क्लॅम्प, वर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणि धुळीच्या बंदोबस्तावर खर्च करा. महागडं मशीन घेऊन शंभर रुपयांचं बोथट बीट वापरणारे मी पाहिलेत. त्यांच्यापेक्षा ३०१८ वर धारदार बीट लावणाऱ्याचं काम स्वच्छ येतं.

जोडणी झाल्यावर लगेच कोरायला घेऊ का?

आधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. माझ्या पहिल्या नावपाटीची अक्षरं डावीकडून उजवीकडे खोल होत गेली. शेवटच्या अक्षराशी बीट फळीच्या आरपार गेलं. दोन रात्री मी सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत होते आणि दोष निघाला झेडच्या कपलिंगमध्ये, म्हणजे मोटरचा दांडा (शाफ्ट) आणि स्क्रू जोडणाऱ्या भागात. विक्रेत्याने जोडून पाठवलेल्या त्या भागाचा ग्रब स्क्रू (दांडा पकडणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) नीट आवळलेला नव्हता. दर वेळी स्पिंडल वर जाताना शाफ्ट थोडा घसरायचा आणि तेवढी उंची कमी पडायची. तेव्हापासून सगळे ग्रब स्क्रू आवळून शाफ्ट आणि कपलिंग यांच्यावरून मार्करने एक आडवी रेघ मारते. रेघ तुटलेली दिसली की कुठे घसरलं ते डोळ्यांनीच कळतं.

मग काटकोन तपासा. एका फळीवर २०० बाय १५० मिलिमीटरच्या आयताच्या चार कोपऱ्यांवर बारीक भोकं पाडा. दोन्ही कर्ण २५० भरले पाहिजेत. फरक असेल तर गॅन्ट्रीचे, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या आडव्या चौकटीचे बोल्ट सैल करून सरळ करा.

शेवटी चालीचं माप. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो आणि एका फेऱ्यात स्क्रू ४ मिलिमीटर पुढे नेतो. ३,२०० भागिले ४ म्हणजे मिलिमीटरला ८००. तुमच्या मशीनच्या सेटिंगमध्येही बहुतेक हाच आकडा असेल. १०० मिलिमीटर चालवल्यावर ९९.२ भरलं, तर लगेच ८०० चं ८०६ करू नका. स्क्रूचं माप सहसा चुकत नाही, सैल नट चुकतो. हाताने बेड हलवून खेळ, म्हणजे सैलपणा आहे का ते आधी बघा.

सॉफ्टवेअर कोणतं लागेल? विकत घ्यावं लागेल का?

सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही. काम तीन टप्प्यांत होतं: चित्र काढणं, त्यावरून बीटचा रस्ता म्हणजे टूलपाथ तयार करणं आणि तो मशीनला पाठवणं. चित्राला इंकस्केप, टूलपाथला फ्रीकॅड आणि पाठवायला कॅन्डल किंवा युनिव्हर्सल जी-कोड सेंडर. ही सगळी मोफत आहेत. फ्यूजनही वैयक्तिक वापरासाठी फुकट मिळतं, पण त्या आवृत्तीत काही सोयी बंद असतात. कॅमोटिक्समध्ये फाइल आधी पडद्यावर चालवून बघा. पडद्यावर फळी फुकट असते.

जी-कोड पाठ करावा लागतो का?

मशीनला दिलेल्या सूचना ज्या भाषेत असतात ती म्हणजे जी-कोड. पाठ नको, पण वाचता यावा. जी-० म्हणजे हवेतून वेगाने जा, जी-१ म्हणजे कापत सरळ जा, जी-२ आणि जी-३ म्हणजे गोलाईत जा. एम-३ ने स्पिंडल चालू, एम-५ ने बंद. फाइलच्या पहिल्या चार ओळींत जी-२१ आहे का हे मात्र दर वेळी बघा. त्याचा अर्थ मापं मिलिमीटरमध्ये आहेत. तिथे जी-२० असेल तर मशीन इंच समजतं आणि प्रत्येक चाल २५.४ पट होते.

मराठी नावपाटी करताना अक्षरं फाटतात, काना-मात्रा भलतीकडे जातात. असं का?

या प्रश्नाचं उत्तर कुठे लिहिलेलं सापडलं नाही म्हणून मला महिना लागला, त्यामुळे सविस्तर सांगते.

पहिली अडचण जोडाक्षरांची. बऱ्याच टूलपाथ सॉफ्टवेअरना देवनागरीची जुळणी येत नाही. ‘विद्या’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसते आणि ‘द्या’चा पाय मोडलेला दिसतो. म्हणून अक्षरं तिथे टाइपच करू नका. इंकस्केपमध्ये युनिकोड फॉन्टने लिहा. तिथे जोडाक्षरं बरोबर येतात. मुक्ता आणि बलू हे मोफत फॉन्ट कोरायला चांगले आहेत, कारण त्यांच्या रेषा भरीव आहेत. नाजूक, लग्नपत्रिकेसारखे फॉन्ट लाकडात तुटतात.

दुसरी अडचण शिरोरेषेची. आपल्याला सलग दिसणारी रेघ फॉन्टमध्ये सलग नसते. प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. कागदावर हे कळत नाही. मशीनला मात्र प्रत्येक अक्षराची वेगळी बाह्यरेषा दिसते, त्यामुळे जिथे तुकडे चढलेत तिथे ते कोरायचं सोडून देतं आणि रेघेत दाते उरतात. उपाय सोपा आहे. मजकूर निवडून त्याचा पाथ करा, गट सोडवा आणि मग यूनियन द्या. सगळं अक्षर-कुटुंब एका बाह्यरेषेत येतं. त्यानंतर पडदा मोठा करून प्रत्येक सांधा डोळ्यांखालून घाला.

तिसरी गोष्ट अडचणही आहे आणि देणगीही. प्लायवूडमधून अक्षरं कापून काढायची असतील तर इंग्रजी नावाची अक्षरं सुटी होतात आणि एकेक चिकटवत बसावं लागतं. आपलं नाव शिरोरेषेला लटकून अखंड एका तुकड्यात बाहेर येतं. पण अनुस्वाराचा ठिपका कशालाच जोडलेला नसतो. ‘चिंतामणी’ कापताना तो ठिपका सुटून गॅलरीच्या जाळीवर आपटला होता. तेव्हा अनुस्वार खालच्या रेघेला बारीक देठाने जोडा किंवा तेवढाच भाग वेगळा कापून नंतर चिकटवा. ‘ग’, ‘ण’ आणि ‘श’ यांचे दोन्ही भाग फक्त शिरोरेषेने धरलेले असतात. तिथे रेघ निदान ५ मिलिमीटर जाड ठेवा.

शेवटी बीट. ३.१७५ मिलिमीटरचं सपाट बीट तेवढ्याहून अरुंद जागेत शिरूच शकत नाही, त्यामुळे ‘ळ’ची वळणं आणि ‘क्ष’ची गाठ भरून जाते. लहान अक्षरांना व्ही बीट, म्हणजे टोकाकडे निमुळतं बीट वापरा. ६० अंशाच्या बीटने ६ मिलिमीटर रुंद रेघ कोरायला खोली साधारण ५.२ मिलिमीटर लागते, ९० अंशाच्या बीटने ३ पुरते. पातळ फळी असेल तर ९० अंशाचंच घ्या.

जॉब, म्हणजे कोरायचा माल, धरायचा कसा? क्लॅम्प सुटतो.

माझे बाबा कारखान्यात टर्नर होते. मशीन बघायला आले तेव्हा त्यांनी स्पिंडल नाही पाहिला. दोन बोटांनी फळी ढकलून बघितली. “हलतोय जॉब,” म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले. मी पुन्हा आवळलं, तेव्हा कुठे ते परत आले.

बेडवर आधी १२ मिलिमीटरची एमडीएफची फळी कायमची बसवा. आरपार कापताना बीट तिच्यात थोडं उतरतं, बेड वाचतो. मग मशीननेच ती एकदा सगळीकडून अर्धा मिलिमीटर छिलून सपाट करा. त्यानंतर कोरीव कामाची खोली सगळीकडे सारखी येते.

क्लॅम्प लावलात तर बीटच्या रस्त्यात येणार नाही याची खात्री करा. स्पिंडल वर उचलून फाइल एकदा हवेतच चालवा. पातळ मालाला मी क्लॅम्प वापरत नाही. फळीला आणि जॉबला, दोन्हीकडे मास्किंग टेप लावते, दोन टेपांच्या मध्ये फेविक्विकचे थेंब टाकून दाबते. काम झालं की टेप सोलून निघते, खालच्या लाकडाला काही होत नाही. आरपार कापताना कडेला न कापलेले दोन-तीन बारीक पूल सोडायला विसरू नका, नाहीतर सुटलेला तुकडा बीटमध्ये अडकतो.

झिरो कसा घ्यायचा?

झिरो म्हणजे मशीन जिथून मोजायला लागतं ती जागा. जॉबच्या डाव्या-पुढच्या कोपऱ्यावर एक्स आणि वाय. झेडसाठी जॉबवर कागदाचा कपटा ठेवा, स्पिंडल बंद ठेवून बीट ०.०५ मिलिमीटरने खाली आणा आणि कपटा सरकवत राहा. तो किंचित अडला की थांबा. साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरून तेवढं वजा करा. बीट बदललं की झेडचा झिरो पुन्हा घ्यायचा, दर वेळी.

फीड, स्पीड, खोली किती ठेवू?

फीड म्हणजे बीट मिनिटाला किती सरकतं. त्याचा हिशोब असा: स्पिंडलचे मिनिटाला फेरे गुणिले बीटच्या धारा गुणिले एका धारेने काढायचा माल. ८,००० फेरे, दोन धारा आणि ०.०२५ मिलिमीटर धरलं तर मिनिटाला ४०० मिलिमीटर फीड येतो. ३०१८ च्या स्पिंडलला लागणारी ७७५ नावाची मोटर फार ताकदीची नसते, म्हणून मी लाकडात एका फेरीला (बीट रस्त्यावरून एकदा गेलं की) अर्धा ते एक मिलिमीटर खोली घेते आणि फीड ४०० ते ६००.

आकड्यांपेक्षा भुसा बघा. कुरकुरीत बारीक चिप पडत असेल तर बरोबर. पिठासारखी धूळ पडत असेल आणि बीट हाताला चटका देत असेल, तर बीट कापत नाही, घासतंय. अशा वेळी नवा माणूस फीड कमी करतो आणि लाकूड आणखी जळतं. फीड वाढवायचा असतो किंवा बीट बदलायचं असतं.

लाकूड कोणतं वापरू?

शिकताना पॅकिंगच्या खोक्याचं पाइन किंवा एमडीएफ. नंतर शिवण. मऊ, सरळ रेषांचं, कोरायला सुखाचं. सागवान दिसायला देखणं असतं, पण त्यातल्या सिलिकामुळे बीट लवकर बोथट होतं. त्याला कार्बाइडचंच बीट हवं. आंब्याच्या लाकडाच्या रेषा उलटसुलट असतात, तिथे कडा उसवतात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये फर्निचरवाल्यांचे उरलेले तुकडे मागा. आपल्या मापाला ते पुरतात.

अ‍ॅल्युमिनिअम कापता येईल?

येईल, पण संयम हवा. एक धारेचं बीट, एका फेरीला ०.१ मिलिमीटर खोली आणि वर थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑइल. छोटी पट्टी, पॅनल ठीक. रोज धातूच कापायचा असेल तर हे मशीन त्यासाठी नाही.

सर्किट बोर्ड?

३०१८ हे काम छान करतं. तांब्याचा थर फारच पातळ असल्यामुळे बोर्ड थोडा वाकडा असला तरी एकीकडे खोल आणि दुसरीकडे उथळ येतं. म्हणून आधी जागोजागी उंची मोजून तिचा नकाशा करणारी सोय वापरा. कॅन्डलमध्ये ती आहे. हिरवट काचतंतूच्या बोर्डाची धूळ फुप्फुसाला वाईट असते. घरी करायचं तर कागदी फिनोलिकचा तपकिरी बोर्ड घ्या आणि तरीही मास्क लावा.

लेझर हेड लावू का?

लावता येतं, पण निळ्या लेझरचा परतलेला किरणही डोळा कायमचा निकामी करू शकतो. त्याच तरंगलांबीचा, म्हणजे बहुधा ४५० नॅनोमीटरचा चष्मा घरातल्या प्रत्येकाला हवा. नाहीतर मशीन बंद पेटीत हवं. पीव्हीसी आणि रेक्झिन कधीच जाळू नका, त्यातून क्लोरीनचे विषारी वायू निघतात. लेझर चालू असताना खोली सोडून जायचं नाही. घरात लहान मूल असेल तर माझं मत: लेझर नको.

धूळ आणि आवाजाचं काय करू? फ्लॅटमध्ये राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. एमडीएफमध्ये डिंकातलं फॉर्माल्डिहाइडही असतं. एन-९५ मास्क हवाच. व्हॅक्यूम क्लीनरच्या आधी बादलीवर बसवलेला सायक्लोन लावला, तर भुसा बादलीत पडतो आणि क्लीनरची पिशवी तुंबत नाही. व्हॅक्यूमच्या पाइपमध्ये स्थिर वीज साठते आणि ठिणगीसरशी यूएसबीचा संपर्क तुटतो, जॉब अर्ध्यात थांबतो. पाइपभर उघडी तांब्याची तार गुंडाळून तिला अर्थिंग द्या. लॅपटॉप झोपी जाण्याचं सेटिंगही बंद करा, कित्येक जॉब त्यानेच गेलेत.

आवाजासाठी मशीनखाली जाड रबरी चटई आणि भोवती प्लायची पेटी. दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर मी मशीन लावत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या नावाची पाटी करून दिली आहे.

मध्येच लाइट गेली तर?

बीट जागच्या जागी थांबतं, पण आपण कुठे आहोत हे मशीन विसरतं. लिमिट स्विच असतील आणि सुरुवातीला होमिंग (मशीनने स्विचपर्यंत जाऊन आपली जागा ओळखणं) केलेलं असेल, तर पुन्हा होमिंग करून तोच झिरो मिळतो. नसतील तर काम सुरू करण्यापूर्वी झिरोच्या जागी, फेकायच्या भागात, एक बारीक भोक पाडून ठेवा. लाइट आल्यावर बीट हाताने उचला, भोकावर आणा, झिरो घ्या आणि थांबलेल्या ओळीच्या थोडं आधीपासून फाइल सुरू करा. त्या आधी एम-३ ची ओळ देऊन स्पिंडल फिरतोय हे बघा. थांबलेलं बीट लाकडात घुसलं की मोडतंच.

पावसाळ्यात काही वेगळं?

हो. जून ते सप्टेंबर एमडीएफ हवेतलं पाणी पिऊन फुगतं, म्हणून बेडवरची फळी दर महिन्याला पुन्हा छिलावी लागते. रॉड आणि स्क्रू पुसून शिलाई मशीनचं तेल लावा. फळ्या भिंतीला टेकवून उभ्या नकोत, आडव्या रचा. कोकणातल्या मैत्रिणीसाठी केलेल्या डबीचं झाकण जुलैत बसेना आणि डिसेंबरात सैल झालं. तेव्हापासून झाकणाला पाव मिलिमीटर जागा जास्त सोडते.

मुलांना हात लावू द्यायचा का?

शेजारी बसवून, जरूर. नियम थोडे आहेत. चष्मा लावायचा, केस बांधायचे, ओढणी आणि बांगड्या काढायच्या, हातमोजे घालायचे नाहीत. फिरतं बीट हातमोजा ओढून घेतं आणि त्यासोबत बोटही.

यातून पैसे मिळतील?

मशीनचा खर्च निघतो, तेवढा मलाही निघाला. नावपाटी कोरायला दीड तास लागतो, पण घासायला, रंग भरायला आणि पॉलिश करायला चार तास. लोक भाव विचारतात तो कोरण्याचा. नोकरी सोडून यात उतरायचं असेल तर आधी वर्षभर सुट्टीच्या दिवशी करून बघा.

शिकायला आणि सामानाला कुठे जाऊ?

पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला आणि अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (वस्तू घडवायला सगळ्यांना खुल्या कार्यशाळांपैकी) एक तिथे उभी राहिली. खेड्यातली मुलं स्वतःच्या गरजेची अवजारं घडवताना बघायची असतील तर तिथे जा. मोटरी, ड्रायव्हर, कनेक्टरसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली. बीट आणि हत्यारांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट. जुनं बीट खिशात घेऊन जा आणि काउंटरवर ठेवा, बोलण्यापेक्षा लवकर काम होतं.

पहिला जॉब कोणता करू?

बीट लावूच नका. स्पिंडलला झिप टायने बॉलपेनची कांडी बांधा, बेडवर कागद चिकटवा आणि स्पिंडल बंद ठेवून ५० मिलिमीटरचा चौकोन आणि त्याच्या आत ५० मिलिमीटरचं वर्तुळ काढा. वर्तुळ चौकोनाला चारही बाजूंनी टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर कुठे खेळ आहे ते कागदच दाखवतो. मग त्याच फाइलने पॅकिंगच्या फळीवर एक मिलिमीटर खोल कोरा, वर्निअर लावा आणि मिळालेला आकडा पेन्सिलीने फळीवरच लिहून तारीख टाका. माझी तशी पहिली फळी मशीनच्या वर खिळ्याला टांगलेली आहे, ४९.६ लिहिलेली.